एकट्याच्या रकान्यातली सही

ऐकलंस का,

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. सवय, दुसरं काय. अठ्ठावीस वर्षं या हाकेनंतर मी क्षणभर थांबत आलो, कारण तुझं उत्तर ठरलेलं असायचं, "ऐकलं हो, बहिरी नाही मी." निम्म्या वेळा मला पुढं काही सांगायचंही नसायचं. तू घरात आहेस ना, एवढंच बघायचं असायचं. तुझं नाव सुमन, पण ते रेशनकार्डापुरतं. तूही माझं नाव कधी तोंडानं घेतलं नाहीस. 'ऐकलंस का' आणि 'ऐकलंत का' एवढ्यावर आपला संसार झाला.

तू जाऊन आता दोन महिने होतील. मनीषा तेराव्यापर्यंत राहिली. तुझ्या साड्या वाटल्या, डबे घासून पालथे घातले, मला दोन भाज्या आणि कुकर शिकवला. पुण्याला परत निघताना म्हणाली, "बाबा, चला ना माझ्याकडं थोडे दिवस." मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे." पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "आई गेलीय बाबा. आणि तुम्ही रेडिओच्या स्पर्धेला बसणार?" बसणार म्हटलं. कारण तिला सांगितलं नाही. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, तुला ठाऊक आहे.

तर बसलो. स्पर्धा झाली. आता टेबलावर एक कागद पडलाय आणि त्यावर माझी सही हवीय. चार दिवस झाले, पेन उघडतो, टोपण लावतो. मुदत उद्या संपते. सही का होत नाही ते तुलाच सांगायला हवं. भानगड तुझ्या-माझ्यातली आहे, तिसऱ्याला त्यातलं काय कळणार.

मी हौशी रेडिओचं लायसन घेतलं तेव्हा आपण सातपूर कॉलनीत नुकतेच आलो होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कंपनीच्या टूलरूममधली पाळी संपवून मी घरी यायचो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेल्या टेबलावर पुन्हा सोल्डरचा धूर करायचो. पगारे सर, शाळेत विज्ञान शिकवणारे आणि या नादातले माझे गुरू, त्यांनी परीक्षेची तयारी करून घेतली. लायसन आलं त्या दिवशी तू पेढे वाटलेस आणि शेजारणीला सांगितलंस, "यांना सरकारनं बोलायची परवानगी दिली." ती म्हणाली, "म्हणजे आधी नव्हती?" दोघी पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होतात.

मग मी गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याची तार ताणली. दुसऱ्या दिवशी माझं यंत्र ठार बहिरं. दोन तास मी एकेक सांधा तपासतोय, घाम गळतोय, आणि तू जिन्यातून ओरडून सांगतेस, "तार लय बरी बांधली हो, ही सोलापुरी चादर दोरीवर मावतच नव्हती!" ओल्या चादरीच्या वजनानं तार एका टोकाला तुटली होती. मी डोकं धरून बसलो. तू सायखेड्याची, राग आला किंवा आनंद झाला की तुझ्या तोंडात तिकडचं 'हाय' आणि 'नाय' यायचं. त्या दिवशी ते आनंदानं आलं होतं, म्हणून मी फार बोललो नाही.

तू एकदा विचारलंस, "हे सारखं सीक्यू सीक्यू काय चाललेलं असतं तुमचं?" मी ऐटीत समजावलं. म्हटलं, जगात कुणीही असा, कुठंही असा, मी बोलावतोय, माझा आवाज पोचत असेल तर उत्तर द्या, असा त्याचा अर्थ. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "म्हणजे ऐकलंत का! एवढंच ना? ते तर मी लग्नापासून करते. मला कुठं लायसन लागलं?"

आणि तो उखाणा. समोरच्यांच्या हळदीकुंकवाला बायकांनी तुला अडवलं, नाव घ्या, नाव घ्या. तू म्हणालीस,

"सातपूरच्या गच्चीवर बांबूला ताणली तार,
व्हिक्टर युनिफॉर्म टू बोलतात समुद्रापार."

रेडिओवरच्या माझ्या नावातली पहिली तेवढी अक्षरं तू घेतलीस आणि पुढची तीन गाळलीस. ती पहिली अक्षरं तर देशात सगळ्यांनाच लागतात, असं मी म्हटल्यावर तू म्हणालीस, "म्हणूनच घेतली. पुढची घेतली तर पुरतं नावच झालं की. ते कसं घ्यायचं?"

पहिल्या स्पर्धेत तू माझ्या शेजारी बसलीस ती मेथी निवडायला. स्पर्धा कसली ते तुला सांगून झालं होतं. दोन दिवस, आवाजानं, जगातल्या जितक्या स्टेशनांना गाठता येईल तितकी गाठायची. त्यानं आपल्याला त्याचा नंबर सांगायचा, आपण त्याला आपला, दोन्ही वहीत उतरवायचे आणि पुढच्याला धरायचं. मी घाईनं चक्र फिरवत होतो. एक रशियन भोंग्यासारखा कानात बसला होता. तू जुडी खाली ठेवलीस. "अहो, त्याच्या मागं एक जण केव्हाचा बोंबलतोय. त्याला घ्या की."

"कुठं? कुणी नाही."

"मागं हाय. बारीक. किरकिऱ्या."

मी चक्र केसभर सरकवलं. खरंच होता. समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा माणूस, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात. तुझा भाऊ सांगायचा, लहानपणी मळ्यात बसून ही सांगायची की कुणाच्या विहिरीवरचं इंजिन चालू आहे आणि कुणाचं पाणी ओढत नाही. ती मी थाप समजत होतो. त्या संध्याकाळी मी एका भोकाला दोन हेडफोन लागतील अशी जोडणी केली, आणि मेथी तशीच राहिली.

मग ती पद्धतच पडली. स्पर्धा जगाच्या घड्याळानं सुरू होते, आपल्याकडं पहाटे साडेपाचला. आणि आपल्या कॉलनीत नळही साडेपाचलाच. तू नळाला पाइप लावायचीस, दुसरं टोक पिंपात सोडायचीस आणि एक कान उघडा ठेवून हेडफोन चढवायचीस. उघड्या कानानं पिंप भरत आल्याचं ऐकायचीस आणि झाकल्या कानानं जपान. मी बोलायचो, तू ऐकायचीस आणि लिहायचीस. मी नुसता बडबड्या होतो गं, स्पर्धा तूच लढवायचीस.

तुझी वही अजून आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलेली, अक्षरं इंग्रजी आणि आकडे मराठी. इंग्रजी आकडे काढायला वेळ लागतो म्हणायचीस. घाईत तुझा चार डोक्यावर मिटायचा, आणि तसा चार म्हणजे साक्षात इंग्रजी आठ. मी पक्की प्रत करताना चुकलो आणि परीक्षकांनी आपली कितीतरी बोलणी बाद केली. मी तुझ्यावर खेकसलो, "चार नीट काढायला काय होतं?" तू म्हणालीस, "चार नीटच हाय. तुम्ही मराठी शाळेत गेला व्हता ना?"

तुझ्याही चुका होत्या, उगाच देवी करत नाही तुला. इटलीवाले आपल्या नावाचं पहिलं अक्षर 'आय' सांगताना 'इंडिया' म्हणतात. तू ते ऐकून म्हणायचीस, "सोडा, आपल्याकडचाच कुणीतरी हाय, त्याला काय धरायचं." असे किती इटलीवाले आपण आपला माणूस म्हणून सोडून दिले असतील, देव जाणे.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. दुसऱ्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगायची रीत आहे. सगळ्यात चांगला म्हणजे पाच नऊ. पण स्पर्धेत सगळे सगळ्यांना पाच नऊच म्हणतात, वेळ वाचतो म्हणून. ऐकू येवो न येवो. तुला ते अजिबात पटायचं नाही. "तीनदा विचारलंत त्याला, नाव कळंना, नंबर कळंना, आणि वर पाच नऊ? खोटं कशापायी?" मी म्हणायचो, रीत आहे. तू म्हणायचीस, "रीत असली म्हणून काय झालं. त्या बिचाऱ्याला वाटत असंल, आपलं ऐकू जातंय." हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. तुलाही लायसन काढू म्हटलं तर म्हणालीस, "मला बोलायचं नाही, ऐकायचंय. बोलणारे रग्गड हायेत."

मग ते वर्ष आलं. सूर्यावर डाग वाढले की आमच्या लहरी लांब जातात, आणि त्या वर्षी सूर्य आमच्यावर उदार झाला होता. दोन दिवस आपण जेवलो ते उभ्या उभ्या. तुझ्या कानांनी अशी अशी स्टेशनं उचलली की मी नुसता माइकचं बटण दाबत राहिलो. स्पर्धा संपल्यावर मी आठवडाभर पक्की प्रत लिहिली, या वेळी तुझे चार तुलाच विचारून. शेवटच्या पानावर एक छापील वाक्य होतं आणि त्याखाली सही. मी तुला त्याचं मराठी करून सांगितलं, "मी ही स्पर्धा एकट्यानं, कुणाच्याही मदतीशिवाय लढवली."

तू वाचत असल्यासारखं त्या कागदाकडं बघितलंस. "मग मी कोण?"

मी म्हटलं, "अगं, तू घरचीच. घरच्या माणसाला कुणी मोजतं का?"

वाक्य किती सहज आलं गं. पंगतीला पानं मोजताना म्हणतात तसं. आपली मोजू नका, आपण घरचे. मला नियम माहीत नव्हता असं नाही. कुणी दुसऱ्यानं ऐकलं, कुणी दुसऱ्यानं लिहिलं, तर गट वेगळा. अनेकांचा. पण त्या गटात मोठमोठे क्लब, दहा-दहा माणसं, उंच मनोरे. तिथं आपण तळाला गेलो असतो. एकट्याच्या रकान्यात मात्र देशात पहिला येण्याची आशा होती. मी त्या रकान्यात खूण केली, आणि सही झरकन केली. तू हसलीस आणि पोळ्या करायला उठलीस. तेव्हा तरी हसलीस.

पहिला आलो. प्रमाणपत्र आलं, कंपनीच्या कँटीनमध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, मोठ्या साहेबांचं भाषण. तू ती अंजिरी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये बसली होतीस. माझ्या हातात माइक दिला. रेडिओवर बोलणारा मी, समोर माणसं बघून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दोन दिवस, दोन रात्री. मदतीला कुणी नाही. एकटा माणूस आणि एक यंत्र." टाळ्या काय पडल्या! मी तुझ्याकडं बघितलं. तूही टाळ्या वाजवत होतीस, मांडीवर पर्स सांभाळून, हळूहळू.

स्कूटरवर तू नेहमीसारखा माझा खांदा धरला नाहीस, घरापर्यंत मागची कडी धरून बसलीस. दारात कुलूप काढताना मी म्हटलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "कागदावर लिहिलं ते एक. ते तिकडं परदेशात कोण वाचतंय. पण मी समोर बसलेली होते हो." बस्स, एवढंच. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, चुकलो म्हणालो असतो. तू नारळ फोडून दुसऱ्या दिवशी वड्या केल्यास.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू भावाकडं सायखेड्याला गेलीस. जाताना टेबलावर पेन्सिलींना टोक करून ठेवलं होतंस आणि पिंप भरून ठेवलं होतंस. मी पहाटे बसलो. दुपारपर्यंत कसाबसा टिकलो, मग यंत्र बंद केलं आणि बसनं सायखेड्याला आलो. तू अंगणात बसली होतीस. "झाली एवढ्यात?" "बँड खराब आहेत, लहरी पोचत नाहीत," मी म्हटलं. तू वर आभाळाकडं बघितलंस, जसं काही ते तिथं दिसतात, आणि म्हणालीस, "असतील." त्यानंतर मी स्पर्धेला बसलोच नाही. दर वर्षी बँड खराब. दर वर्षी तू म्हणायचीस, असतील. पाच-सहा वर्षं आपण हे एकमेकांना सांगत राहिलो. बाकी सगळं नीट होतं, मनीषाचं लग्न झालं, घराला रंग झाला, हसलो-खिदळलो. एका खोलीचं दार तेवढं लावून घेतल्यासारखं होतं.

चूक झाली, हे दोन शब्द मला जमले नाहीत. जगातल्या इतक्या देशांशी बोललो आणि दोन फुटांवर बसलेल्या बाईशी हे बोलता आलं नाही. मी स्वतःला सांगायचो, तिला आता आठवतही नसेल. नुसतं नाटक. तुझा कान कधी काही विसरलाय का?

आणि मग तुझी फुप्फुसं. शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज असा झाला होता की मला तुझ्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. तू मास्क बाजूला करून काहीतरी सांगितलंस. मला कळलं नाही. दोनदा विचारलं. मग तूच विचारलंस, "ऐकू येतंय का?" मी चटकन म्हटलं, "पाच नऊ."

तू माझ्याकडं बघून हसलीस. म्हणालीस, "का? स्पर्धा हाय का?"

पकडलंस. शेवटपर्यंत पकडलंस मला. थोड्या वेळानं श्वास गोळा करून तू पुन्हा बोललीस आणि या वेळी ते मला स्पष्ट ऐकू आलं. "औंदा बसा स्पर्धेला. मी कुठं येणार हाय मधी." तो टोमणा होता की परवानगी, मला अजून कळलेलं नाही. रोज एकदा तरी ते वाक्य मी कानाशी धरून बघतो. एखाद्या दिवशी वाटतं, तू माफ केलंस. एखाद्या दिवशी वाटतं, तू जुना हिशेब चुकता केलास. तुला विचारायचं होतं, पण संध्याकाळी तुला झोप लागली आणि मग ती उतरलीच नाही. आधी जे मला कळलं नाही, दोनदा विचारूनही, तेही राहिलंच. काय सांगत होतीस गं?

म्हणून बसलो. मनीषाला हे कसं सांगणार होतो, सांग.

शनिवारी पहाटे साडेपाचला हेडफोन चढवले आणि मोरीत नळ खळखळला. दोन्ही एकदम. इतकी वर्षं हे दोन्ही एकदम व्हायचं आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण दुसरं तू बघायचीस. मी हेडफोन काढले, पाइप लावला, परत बसलो, पुन्हा उठलो. माझ्या कानाला पिंप कळत नाही. मोरीतून पाणी स्वयंपाकघरात आलं, तुझ्या स्टुलाच्या पायांपर्यंत. मी फरशी पुसली. स्पर्धेचा पहिला तास मी फडकं पिळण्यात घालवला.

बँड या वेळी मात्र खरोखर खराब होते. सूर्यावर डाग नाहीत, सगळीकडं नुसती सळसळ. मी सीक्यू द्यायला लागलो. देतोय, देतोय, उत्तर नाही. आणि सीक्यू म्हणजे ऐकलंत का, हे तू एकदा भाकरी थापताना सांगून ठेवलंस ते माझ्या मुळावर आलं. दर वेळी माझ्या तोंडून इंग्रजी निघायचं आणि माझ्याच कानात मराठी पडायचं. दोन दिवस मी रिकाम्या घरात ऐकलंत का, ऐकलंत का करत बसलो होतो. माझा आवाज भिंतीवर आदळून मलाच ऐकू यायचा. एकदा मी यंत्र बंद करून तुझ्या शेल्फातले डबे उगाच खाली-वर केले, काहीतरी वाजावं म्हणून.

दुपारी एक इटलीवाला आला, इंडिया इंडिया करत. मी मोठ्यानं म्हणालो, "आपल्यातला नाही, इटलीचा आहे." शेजारचं स्टूल गप्प.

रविवारी संध्याकाळी सळसळीच्या मागं कुणीतरी होतं. बारीक, किरकिऱ्या. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मला एवढंच कळत होतं की तो मला बोलावतोय, माझी शेवटची तीन अक्षरं म्हणतोय. त्याचं नाव मात्र उमगेना. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. पुन्हा सांगा म्हटलं, पुन्हा सांगा. त्यानं किती वेळा सांगितलं! आणि मी, खरं सांगतो, वळून म्हटलं, "काय म्हणतोय गं तो?" पेन्सिल हातात होती, वहीत एकच अक्षर लिहून झालं होतं. तो थकला आणि गेला. तू असतीस तर घेतला असतास. ते अक्षर मी खोडलं नाही.

त्यानंतर एक जपानी आला. तोही जेमतेम. त्यानं मला रिवाजानं पाच नऊ दिलं, मी त्याला म्हटलं, तीन तीन. तो गडबडला. "पाच नऊ?" नाही, म्हटलं, तीन तीन. खरं तेच. तो पलीकडं हसला आणि त्यानं आभार मानले. तुझ्या बाजूनं हे भांडण मी मिटवून टाकलं, एवढं लक्षात ठेव.

सोमवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा संपली आणि नळ आला. वही बघितली तर सगळे आकडे मी मराठीत लिहिले होते. कधी तसं सुरू झालं, कळलं नाही. पक्की प्रत करताना माझाच एक चार मी आठ वाचला आणि टेबलावर डोकं ठेवून रडलो. इतके दिवस आलेल्या-गेलेल्यांसमोर जे आलं नव्हतं ते त्या चारावरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्पर्धेवाल्यांना पत्र लिहिलं. लिहिलं की अमुक वर्षीचं प्रमाणपत्र परत पाठवतो आहे. ती स्पर्धा मी एकट्यानं लढवलेली नाही, माझा रकाना चुकीचा होता. चालवणारे दोघं होते. बोलणारा मी. ऐकणारी आणि लिहिणारी, सुमन. नाव लिहिताना लक्षात आलं की या नावानं मी तुला कधी हाक मारली नाही. मारून बघितली, घरात कुणी नव्हतं. सुमन. कानाला परकं वाटलं गं. तुला तर कुण्या शेजारणीला बोलावतोय असंच वाटलं असतं.

पगारे सरांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? आणि घरच्या माणसानं चार आकडे लिहून दिले तर त्याला मदत म्हणतात का कुणी?" मी म्हटलं, "मी म्हणतो." जरा जास्तच जोरात म्हटलं. सर बिचारे चहा न घेता गेले. उद्या जाऊन माफी मागतो. ती मागायला आता शिकायला हवं, उशिरा का होईना. पाकीट सातपूरच्या पोस्टात टाकून आलो. उत्तर अजून नाही, येईल तेव्हा येईल.

राहिला हा कागद. तेच छापील वाक्य. मी ही स्पर्धा एकट्यानं, कुणाच्याही मदतीशिवाय लढवली. त्या वर्षी ते खोटं होतं तेव्हा माझा हात अडखळला नाही. या वेळी शब्द न् शब्द खरा आहे. पाणी मी भरलं, फरशी मी पुसली, लिहिलं मी, ऐकलं मी, आणि जे मला ऐकू आलं नाही ते तसंच निघून गेलं. कुणी आक्षेप घेणार नाही. पण सही करायची म्हणजे हे एकटेपण मान्य करायचं, म्हणून चार दिवस नुसता बसलोय.

घरच्या माणसाला मोजत नाहीत म्हणालो होतो ना मी? मोजलं, सुमन. एक गेलं आणि घरात काहीच उरलं नाही.

करतो आता. तुझ्याच पेन्सिलीनं केली असती, पण शाई लागते.

केली. रेडिओवरचं पूर्ण नाव लिहिलंय, पुढची तीन अक्षरं गाळली नाहीत. ऐकलंस का, या वेळी खरं लिहिलंय.